ग्रीसच्या शांत बेटावर सुट्टी: शेंगेन व्हिसाची पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची वाट

सँटोरिनीचे निळे घुमट सगळ्यांनी बघितलेले असतात, निदान दुसऱ्याच्या मोबाइलवर तरी. त्या गर्दीला कंटाळून हल्ली बरेच जण विचारतात की अमोर्गोस, फोलेगांद्रोस, तिलोस असल्या लहान बेटांवर आठ-दहा दिवस नुसतं पडून राहायचं असेल तर व्हिसा मिळतो का. मिळतो. व्हिसा बेटाचा नसतोच, तो ग्रीसचा आणि खरं तर सगळ्या शेंगेन क्षेत्राचा, म्हणजे आपसातली सीमा-तपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांच्या गटाचा असतो. पण शांत बेटाची फाइल लावताना अडचणी वेगळ्या येतात. सँटोरिनीची फाइल ठरावीक असते: विमानाचं तिकीट, हॉटेलचं व्हाउचर, झालं. अमोर्गोसला विमानतळच नाही. तिथे अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून नाहीतर नॅक्सोस-सँटोरिनीहून बोटीने जावं लागतं, आणि राहण्याची जागा म्हणजे अनेकदा कुणाच्या घराच्या वरच्या मजल्यावरच्या चार खोल्या. फाइल तपासणारा अधिकारी तुम्हाला भेटलेला नसतो. कागदांवरून त्याला इतकंच कळायला हवं की हा माणूस कोणत्या रात्री कुठे झोपणार आहे, त्याचे पैसे कोण देणार आहे आणि परत का येणार आहे.

या लेखात अमोर्गोस हेच उदाहरण घेतलं आहे. दुसरं बेट असेल तर बंदर आणि बोट तेवढी बदला.

व्हिसा कोणाला लागतो

भारतीय पासपोर्ट असेल तर लागतो. अमेरिकेचं ग्रीन कार्ड, ब्रिटनचा व्हिसा किंवा दुबईचा रहिवासी परवाना असला तरी ग्रीसचा व्हिसा काही सुटत नाही. फक्त अर्ज तुम्ही कायदेशीर राहता त्या देशातून करायचा. म्हणजे न्यू जर्सीत नोकरीला असलेल्या मराठी जोडप्याने अमेरिकेतल्या ग्रीक वकिलातीकडे, आणि पुण्यात राहणाऱ्याने भारतातून. ज्यांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं आहे आणि ज्यांच्याकडे ओसीआय कार्ड आहे, त्यांना अमेरिकी पासपोर्टवर ९० दिवसांपर्यंत पर्यटनासाठी व्हिसा लागत नाही. एकाच कुटुंबात नवऱ्याला लागतो आणि बायकोला नाही, असं त्यामुळे सर्रास होतं.

गोव्यातल्या वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेले गोवेकर हे युरोपीय संघाचे नागरिक असतात, त्यांना ग्रीसला जायला व्हिसाचा प्रश्नच येत नाही. त्यांचा जोडीदार भारतीय पासपोर्टवर असेल आणि दोघं बरोबर जाणार असतील, तर जोडीदाराला व्हिसा घ्यावा लागतो, पण युरोपीय नागरिकाचा कुटुंबीय म्हणून त्याचं व्हिसा शुल्क माफ असतं. त्यासाठी लग्नाचा दाखला आणि जोडीदाराच्या पोर्तुगीज पासपोर्टची प्रत लागते.

व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून फिरणाऱ्या एका संदेशाबद्दलही सांगायला हवं. ‘ग्रीक बेटांवर उतरल्यावर सात दिवसांचा व्हिसा मिळतो’ हे खरं आहे, पण ते तुर्की नागरिकांसाठी. २०२४ मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळच्या लेस्व्होस, खिओस, सामोस, कोस, रोड्स अशा बेटांसाठी ती सोय सुरू झाली. भारतीय पासपोर्ट घेऊन बंदरावर उभं राहिल्याने काही मिळणार नाही.

अर्ज ग्रीसकडेच करायचा का?

इथे बरेच जण पहिल्याच पायरीवर घसरतात. शेंगेनमध्ये आता २९ देश आहेत आणि व्हिसा कोणत्याही एका देशाने दिला तरी सगळीकडे चालतो. पण कोणाकडे मागायचा हे तुमच्या मर्जीवर नाही. ज्या देशात जास्त दिवस राहणार, त्याच्याकडे अर्ज. दोन देशांत सारखेच दिवस असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार त्याच्याकडे.

मुलगा जर्मनीत नोकरीला आहे, आई-वडील त्याच्याकडे तीन आठवडे राहणार आणि मग सगळे मिळून आठवडाभर अमोर्गोसला जाणार, अशी सहल आपल्याकडे फार होते. मनात सहल बेटाची असते, पण दिवस जर्मनीत जास्त आहेत. मग अर्ज जर्मनीकडे. ‘ग्रीसची अपॉइंटमेंट लवकर मिळते’ म्हणून ग्रीसकडे अर्ज केला, तर फाइल पहिल्या पानावरच संशयास्पद होते.

आपल्याला हवा तो अल्पमुदतीचा, ‘सी’ प्रकारचा व्हिसा. कोणत्याही १८० दिवसांच्या काळात जास्तीत जास्त ९० दिवस, हा त्याचा मूळ नियम. आल्याचा दिवस आणि निघाल्याचा दिवस दोन्ही मोजले जातात, हे लक्षात ठेवा, कारण फॉर्मवर दिवसांचा आकडा लिहायचा असतो आणि आपण सवयीने रात्री मोजतो.

तारखांचं गणित

एक सहल धरू. ४ सप्टेंबरच्या रात्री मुंबईहून निघालात, ५ ला अथेन्सला पोचलात, १७ ला परत निघालात. शेंगेनमधले दिवस झाले १३.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे ५ मार्चपासून. शेवटची मुदत प्रवासाच्या १५ दिवस आधी, म्हणजे २१ ऑगस्ट. पण शेवटच्या तारखेवर कोणी विसंबू नये. अर्ज दाखल झाल्यावर निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात आणि जास्त तपासणी लागली तर ते ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकतात. शिवाय उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाही, ही खरी रडकथा. सप्टेंबरच्या सहलीसाठी मेअखेर किंवा जूनमध्ये फाइल आत गेलेली बरी.

सप्टेंबर मी मुद्दाम घेतला. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो आणि फार वाढला की बंदर प्रशासन बोटींना निघायला बंदी घालतं. १५ ऑगस्टला मरियमचा मोठा सण असतो, तेव्हा निम्मं अथेन्स बेटांवर असतं. ऑक्टोबर सरला की लहान बेटांवरच्या बऱ्याच खोल्या आणि खानावळी थेट वसंतापर्यंत बंद. शांतता हवी, समुद्र कोमट हवा आणि चहा-जेवणही मिळायला हवं, तर मे-जून किंवा सप्टेंबर.

पासपोर्ट

तीन अटी आहेत आणि तिन्ही कडक आहेत. पासपोर्ट शेंगेनमधून निघण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा, म्हणजे आपल्या उदाहरणात १७ डिसेंबरपर्यंत तरी. तो गेल्या दहा वर्षांत दिलेला हवा. आणि किमान दोन पानं कोरी हवीत. जुने पासपोर्ट असतील तर तेही फाइलबरोबर न्या. जुन्या पासपोर्टवरचे व्हिसे आणि शिक्के म्हणजे तुम्ही याआधी परदेशात जाऊन वेळेवर परत आलात याचा पुरावा. तो घरी कपाटात ठेवून उपयोग नाही.

नावाचा मुद्दा आपल्याकडे विशेष त्रासाचा. मराठी नावात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे येतं. पासपोर्टवर ते असतं, विमानाच्या तिकिटावर अर्धं गळतं, बँकेत नुसतं आद्याक्षर असतं, आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईच्या पॅन कार्डावर माहेरचं नाव तसंच राहिलेलं असतं. फॉर्म, तिकीट, विमा आणि खोलीचं आरक्षण या चार ठिकाणी नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच लिहा. बँकेच्या किंवा मालमत्तेच्या कागदावर वेगळं असेल तर लग्नाचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र जोडा आणि कव्हर लेटरमध्ये एका ओळीत सांगून टाका. मुद्दाम लपवल्यासारखं दिसू नये, एवढंच.

फॉर्म आणि फोटो

शेंगेनचा फॉर्म सगळ्या देशांना एकच आहे. ग्रीसची फाइल भारतात ग्रीक दूतावासाने नेमलेल्या अर्ज केंद्रात द्यायची असते. निर्णय मात्र ग्रीक अधिकारीच घेतात. केंद्रातली माणसं कागद मोजतात, बोटांचे ठसे घेतात, पाकीट बंद करून पुढे पाठवतात. ‘आमची आत ओळख आहे’ असं कोणी एजंट म्हणाला तर त्याला नमस्कार करून बाहेर पडा. तुमच्या शहराला सध्या कोणतं केंद्र जोडलेलं आहे आणि चालू यादी काय आहे, हे दूतावासाच्या अधिकृत संकेतस्थळावरून बघा. केंद्रं चालवणाऱ्या कंपन्या बदलत असतात आणि जुन्या कंपनीची माहिती इंटरनेटवर वर्षानुवर्षं तशीच लोंबकळत राहते.

फॉर्ममध्ये मुख्य देश, पहिल्या प्रवेशाचा देश, राहण्याचा पत्ता आणि खर्च कोण करणार हे रकाने नीट भरा. फ्रँकफर्टला विमान बदलून अथेन्सला जाणार असाल तर पहिला प्रवेश जर्मनीत होतो, ग्रीसमध्ये नाही. दोहा किंवा दुबईहून थेट अथेन्सला उतरणार असाल तर ग्रीस. राहण्याच्या पत्त्यात अथेन्सचं हॉटेल लिहून मोकळं होऊ नका. बेटावरच्या जागेचा पत्ताही हवा.

फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, अलीकडचा. स्टुडिओत ‘शेंगेनचा फोटो’ म्हटलं की समजतं. मागच्या व्हिसावरचा फोटो पुन्हा लावू नका.

मुक्काम आणि बोट: शांत बेटाची खरी परीक्षा

आमच्या घरच्या पहिल्या फाइलमध्ये इथेच भोक होतं. पिरेअसहून संध्याकाळी साडेपाचला बोट, म्हणून अथेन्सचं हॉटेल ७ तारखेला सोडलेलं. बोट मध्यरात्रीनंतर अमोर्गोसला पोचणार, म्हणजे तारीख ८. म्हणून बेटावरची खोली ८ पासून घेतली. कागदावर ७ ची रात्र बेपत्ता! खोली ८ पासून म्हणजे ८ च्या दुपारी, आणि आम्ही पोचणार रात्री दीडला, याचाही कोणी विचार केला नव्हता. केंद्रावरच्या मुलीने त्या रात्रीवर बोट ठेवून विचारलं तेव्हा तिथेच फोनवरून एक रात्र वाढवावी लागली.

म्हणून रात्रीगणिक एक साधा तक्ता करा आणि फाइलच्या वरच ठेवा. आपल्या उदाहरणात: ५ आणि ६ च्या रात्री अथेन्स, ७ ला संध्याकाळी बोट, खोलीचं आरक्षण ७ पासूनच, ७ ते १४ अशा आठ रात्री अमोर्गोस, १५ ला परतीची बोट, १५ आणि १६ च्या रात्री पुन्हा अथेन्स, १७ ला विमान. बारा रात्री, आणि प्रत्येक रात्रीसमोर एक पत्ता. रात्रभर चालणाऱ्या बोटीत केबिन घेतली असेल तर त्या रात्रीसमोर बोटीचं नाव.

परतीच्या बाजूला अथेन्समध्ये दोन रात्री मी मुद्दाम ठेवल्या आहेत. साध्या मोठ्या बोटीला पिरेअस ते अमोर्गोस सात ते नऊ तास लागतात, वाटेत इतर बेटांवर थांबे असतात, आणि वारा वाढला तर बोट त्या दिवशी निघतच नाही. बेटावरून थेट विमानतळ गाठण्याचा बेत कागदावर सुबक दिसतो, पण एजियन समुद्र ओळखणाऱ्या ग्रीक अधिकाऱ्याला तो हास्यास्पद वाटेल. एक मोकळा दिवस राखला की फाइलही शहाणी दिसते आणि विमानही चुकत नाही.

अमोर्गोसला दोन बंदरं आहेत, पश्चिमेला काटापोला आणि उत्तरेला एगिआली. दोन्ही गावांमध्ये डोंगराळ रस्ता आहे. खोली एका टोकाला आणि बोट दुसऱ्या टोकाला, असं रात्री दीड वाजता कळू नये.

बोटीचं वेळापत्रक ही दुसरी डोकेदुखी. लहान बेटांच्या उन्हाळी फेऱ्या सगळ्या एकदम जाहीर होत नाहीत. मार्चमध्ये अर्ज करायला बसलात तर सप्टेंबरची बोट दिसेलच असं नाही. अशा वेळी खोटं तिकीट बनवू नका. प्रवासाच्या तक्त्यात सरळ लिहा की या मार्गावर अमुक कंपनीची बोट चालते, तिकीट विक्री सुरू झाल्यावर घेऊ. वेळापत्रक आलेलं असेल तर आरक्षण जोडाच.

खोलीबद्दलही तेच. लहान बेटावरची बाई व्हाउचर देत नाही, ईमेलवर ‘या, वाट बघते’ असं लिहिते. तिच्याकडून एक पत्र मागून घ्या. त्यावर जागेचं नाव, पत्ता, फोन, तुम्हा सगळ्यांची पासपोर्टप्रमाणे नावं, तारखा, आणि पैसे भरले की भरायचे आहेत हे असावं. भाड्याने दिलेल्या घरांना ग्रीसमध्ये नोंदणी क्रमांक असतो, त्याला तिथे ‘आमा’ म्हणतात. घराच्या जाहिरातीतही तो दिलेला असतो. पत्रावर तो असला की जागा खरी आहे हे पडताळता येतं.

व्हिसापुरतं हॉटेल बुक करायचं आणि मग रद्द करायचं, हा आपल्याकडचा सर्रास चालणारा धंदा. पैसे परत मिळतील असं खरं आरक्षण घेणं वेगळं, ते अगदी रास्त आहे. व्हिसा हातात येण्याआधी विमानाचं परत न मिळणारं तिकीट काढू नये, हेही खरं. पण जिथे राहायचंच नाही त्या जागेचा कागद लावू नका. अथेन्सच्या दोनशे खोल्यांच्या हॉटेलात कोणाला काही आठवत नाही. चार खोल्यांच्या मालकिणीला वकिलातीतून फोन गेला तर तिला तुमचं नाव लगेच आठवतं, किंवा आठवत नाही.

पैसे, आणि परत येण्याची कारणं

ग्रीससाठी पर्यटकाकडे किती पैसे असावेत याचा संदर्भ आकडा माणशी दिवसाला ५० युरो असा आहे, आणि पाच दिवसांपर्यंतच्या मुक्कामासाठी किमान ३०० युरो. अल्पवयीन मुलांना निम्मं. १३ दिवसांसाठी माणशी ६५० युरो, जोडप्याला १३०० होतात. हा तळाचा आकडा. खात्यात नेमके तेवढेच दिसले तर कोणी खूश होणार नाही, कारण विमान आणि खोल्यांचा खर्च त्याहून जास्त असतो.

बँकेचं स्टेटमेंट निदान शेवटच्या तीन महिन्यांचं लागतं. मी सहा महिन्यांचं द्यायला सांगेन, आणि त्यावर बँकेचा शिक्का व सही घ्या. नेट बँकिंगवरून छापलेलं बिनशिक्क्याचं स्टेटमेंट परत आल्याच्या गोष्टी घरोघरी ऐकू येतात. शिलकीपेक्षा खात्याची चाल महत्त्वाची. दर महिन्याला पगार येतोय, वीजबिल आणि गृहकर्जाचा हप्ता जातोय, थोडं शिल्लक राहतंय, हे चित्र चांगलं. खात्यात वर्षभर आठ हजार आणि अर्जाच्या आठवड्यात काकांकडून चार लाख आले, हे चित्र वाईट. मोठी रक्कम खरोखर आली असेल, म्हणजे मुदतठेव मोडली, जागा विकली, तर त्याचा कागद लावा.

नोकरी असेल तर शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, आयकर विवरणपत्र किंवा फॉर्म १६, आणि कंपनीच्या लेटरहेडवर रजा मंजूर असल्याचं पत्र. पत्रात हुद्दा, कधीपासून नोकरीला, रजेच्या तारखा आणि कधी परत कामावर रुजू होणार हे हवं. आपण त्याला एनओसी म्हणतो आणि एचआर तीन ओळींचं काहीतरी देतं. तारखा नसतील तर पुन्हा मागा.

दुकान किंवा व्यवसाय असेल तर गुमास्ता परवाना, जीएसटी किंवा उद्यम नोंदणी, कंपनीचं किंवा दुकानाचं बँक स्टेटमेंट आणि आयकराची विवरणपत्रं. निवृत्त असाल तर पेन्शनचा कागद आणि ठेवींच्या पावत्या. शिकणाऱ्या मुलांसाठी शाळा-कॉलेजचं पत्र आणि खर्च करणाऱ्या पालकांची कागदपत्रं. घर सांभाळणाऱ्या बाईच्या फाइलमध्ये नवऱ्याचं खर्चाच्या हमीचं पत्र, त्याचं स्टेटमेंट आणि लग्नाचा दाखला लागतो. स्वतःच्या नावावर ठेव, घर असेल तर तेही लावा. अनेक बायकांना आपल्या नावावर काय काय आहे ते व्हिसाच्या निमित्ताने पहिल्यांदा कळतं.

शेतीवर जगणाऱ्यांची फाइल जरा निराळी. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, त्यामुळे ‘विवरणपत्र कशाला भरायचं’ अशी सवय असते. ज्याला परदेशी जायचं आहे त्याने ते भरावं आणि शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून त्यात दाखवावं. जोडीला सातबारा आणि आठ अ, साखर कारखान्याची किंवा बाजार समितीची बिलं, आणि ते पैसे ज्या खात्यात आले त्याचं स्टेटमेंट. सातबारा मराठीत असतो. अथेन्सहून आलेल्या अधिकाऱ्याला गट नंबर आणि पोटखराबा कळण्याची अपेक्षा करू नका; इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून जोडा. जुने मराठी जन्मदाखले आणि लग्नाचे दाखले यांचंही तसंच.

हे सगळं पैशासाठी लागतं, तसंच परत येण्याच्या कारणासाठीही. अर्ज नाकारताना ‘अर्जदार मुदतीत परत जाईल याबद्दल वाजवी शंका’ हे कारण नेहमी दिलं जातं. नोकरी, शेती, शाळेत जाणारी मुलं, घरात म्हातारी माणसं, ही सगळी परत येण्याची कारणं आहेत आणि ती कागदावर दिसायला हवीत.

कव्हर लेटर इंग्रजीत, एका पानाचं. कोण आहोत, कधी जाणार, कुठे राहणार, खर्च कोणाचा, कधी परतणार. आणि शांत बेटासाठी आणखी एक गोष्ट: अमोर्गोसच का, हे दोन वाक्यांत लिहा. डोंगरातल्या जुन्या पायवाटांवर चालायचं आहे, समुद्रापासून सुमारे तीनशे मीटर उंच कड्याला चिकटलेला होझोव्हिओतिस्साचा अकराव्या शतकातला मठ बघायचा आहे, बाकी वेळ पोहायचं आहे. खरं कारण असेल ते लिहा. ‘ग्रीसच्या समृद्ध संस्कृतीचा आस्वाद घेण्यासाठी’ असलं वाक्य त्या अधिकाऱ्याने त्या दिवशी चाळीसदा वाचलेलं असतं.

विमा

किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण, सगळ्या शेंगेन देशांत लागू, आणि आजारपणामुळे किंवा मृत्यूमुळे मायदेशी आणण्याचा खर्च त्यात धरलेला. मुक्कामाचे सगळे दिवस विम्यात असायला हवेत. मुंबईहून रात्री निघतो म्हणून ४ ते १८ सप्टेंबर असा घ्या, काठावर कापू नका.

लहान बेटाचा यात एक खास धोका आहे. तिथे आरोग्य केंद्र असतं, मोठं रुग्णालय नसतं. गंभीर दुखणं झालं तर बोटीने किंवा हेलिकॉप्टरने हलवतात. हे संरक्षण विम्यात आहे का, हे पॉलिसी घेतानाच विचारा. आणि वैद्यकीय विमा म्हणजे सहल रद्द होण्याचा विमा नव्हे. २०२५ च्या फेब्रुवारीत सँटोरिनी आणि अमोर्गोस यांच्यामधल्या समुद्रात भूकंपांची मालिका चालू होती, तेव्हा हजारो लोक सँटोरिनी सोडून गेले. असं काही झालं तर खोलीचे पैसे कोण देणार, ते वेगळ्या कलमात असतं.

मुलं

मुलाचा अर्ज स्वतंत्र, त्यावर पालकांच्या सह्या. जन्मदाखला आणि दोन्ही पालकांच्या पासपोर्टच्या प्रती जोडायच्या. एकच पालक बरोबर असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र लागतं, आणि घटस्फोट झाला असेल तर ताब्याचा न्यायालयीन आदेश. आजी-आजोबा नातवाला नेत असतील तर आई आणि वडील दोघांचीही संमती. बारा वर्षांखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत.

अपॉइंटमेंट, ठसे, शुल्क

मोठ्यांचे दहाही बोटांचे ठसे आणि डिजिटल फोटो घेतात. ते ५९ महिने पुन्हा वापरता येतात. मागच्या पाच वर्षांत कुठलाही शेंगेन व्हिसा घेतला असेल तर फॉर्ममध्ये त्याचा क्रमांक आणि ठसे दिल्याची तारीख लिहा. हाताला मेंदी असेल किंवा कापलेलं असेल तर ठसे उमटत नाहीत. घरात लग्न असेल तर अपॉइंटमेंट आधी उरका.

११ जून २०२४ पासून व्हिसा शुल्क मोठ्यांना ९० युरो आणि सहा वर्षं पूर्ण झालेल्या पण बारा न झालेल्या मुलांना ४५ युरो आहे. सहा वर्षांखालच्यांना माफ. केंद्राचं सेवाशुल्क त्याहून वेगळं, आणि एसएमएस, कुरिअर, ‘प्रीमियम लाउंज’ वगैरे त्याहून वेगळं. शेवटच्या तीन गोष्टी ऐच्छिक असतात. लाउंजमध्ये बसल्याने व्हिसा मिळत नाही, चहा मिळतो. अर्ज नाकारला तरी पैसे परत नाहीत.

निकाल हातात आल्यावर

पासपोर्ट मिळाला की केंद्राच्या दारातच स्टिकर वाचा. नाव, पासपोर्ट क्रमांक, कधीपासून कधीपर्यंत, किती प्रवेश, किती दिवस. वैधतेचा काळ आणि राहण्याचे दिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वैधता ५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर असेल आणि दिवस १३ लिहिले असतील तर राहायचं १३ च दिवस. वरचे पंधरा दिवस तारीख पुढेमागे झाली तर सांभाळून घ्यायला असतात.

एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर कोसहून समोर दिसणाऱ्या तुर्कस्तानात दिवसाची चक्कर मारू नका. तिकडे जायला तुर्की व्हिसा लागेल, आणि बाहेर पडलात की ग्रीसचा प्रवेश संपला, सामान हॉटेलात असलं तरी.

नकार आला तर ठरावीक फॉर्मवर कारणांपुढे खूण केलेली असते, आणि दाद कुठे व किती दिवसांत मागायची तेही त्यावरच असतं. कारण कागद कमी पडल्याचं असेल तर कमतरता दूर करून नवा अर्ज करणं बहुधा सोपं पडतं. मात्र पुढच्या प्रत्येक फॉर्मवर जुना नकार खरा सांगा. तो त्यांच्या यंत्रणेत दिसतच असतो.

वारंवार जाणाऱ्यांना १८ एप्रिल २०२४ पासून एक चांगली सोय झाली आहे. भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकाने मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे घेऊन नियमाप्रमाणे वापरले असतील, तर त्याला दोन वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा आणि पुढे पासपोर्टची मुदत पुरत असेल तर पाच वर्षांचा मिळू शकतो. म्हणून पहिला व्हिसा लहान मिळाला तरी तो नीट वापरा. एक दिवसही जास्त राहू नका.

विमानतळावर आणि बेटावर

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर नवी नोंद पद्धत टप्प्याटप्प्याने आली. पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी तुमचा चेहरा आणि तारखा संगणकात जातात. दिवसांचा हिशेब आता यंत्रच करतं. व्हिसा असला तरी सीमेवरचा अधिकारी परतीचं तिकीट, मुक्काम आणि पैसे यांबद्दल विचारू शकतो. म्हणून फाइलची एक प्रत हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या सामानात नको.

खोलीच्या भाड्याशिवाय ग्रीसमध्ये हवामान-संकट शुल्क द्यावं लागतं. एप्रिल ते ऑक्टोबर दर खोलीला दर रात्री तीन तारे असतील तर ५ युरो, चार तारे १०, पाच तारे १५. एक-दोन ताऱ्यांच्या हॉटेलात २ आणि अल्पमुदतीने भाड्याने दिलेल्या घरात ८. हे अनेकदा तिथे पोचल्यावर मागतात, म्हणून भाड्यात धरलं आहे का ते आधी विचारा. आठ रात्रींचे ६४ युरो ऐनवेळी जड वाटतात.

बेटावर बस असते, पण कमी. स्कूटर किंवा गाडी घ्यायची असेल तर भारतीय लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो. तो आरटीओतून मिळतो. सारथी पोर्टलवर फॉर्म ४ अ भरायचा, जोडीला लायसन्स आणि पासपोर्टची प्रत, शुल्क १००० रुपये, मुदत एक वर्ष. या अर्जासाठी व्हिसा येण्याची वाट बघावी लागत नाही, तरी आठ-दहा दिवस हाताशी ठेवा. आणि लायसन्सवर गियरच्या दुचाकीची नोंद आहे का, ते बघा. बऱ्याच जणांकडे फक्त मोटारीची असते, आणि ती उणीव काटापोलाच्या धक्क्यावर स्कूटरवाल्याने परवाना उलटापालटा करून बघेपर्यंत लक्षात येत नाही.